धोऱ्यावर बिथरलेला उंट

जैसलमेरहून परत आल्यापासून डेपोतलं कुणी ना कुणी रोज विचारतं, "काय मॅडम, उंटावर बसलात का न्हाई?" बसले, म्हणते मी. विचारणारा हसतो आणि आपल्या गाडीकडे निघून जातो. उतरले कशी, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी एसटीत कंडक्टर आहे. हिंगोलीहून सेनगाव, कधी कनेरगाव नाक्यावरून वाशीम, कधी वसमत. माझा नवरा संतोष सेनगाव रस्त्यावर जीप चालवतो. म्हणजे ज्या पाशिंजरांसाठी मी फाट्यावर गाडी थांबवते, ते हा माझ्या आधीच उचलून नेतो. आमची ओळखही त्याच भांडणातून झाली. लग्न केलं तेव्हा माझ्या माहेरी, सेनगावजवळच्या तांड्यावर, त्या दिवशी चूल पेटली नाही. संतोष वसमतकडच्या शेतकरी घरातला, तांड्याबाहेरचा. पुढं भाऊ निवळला, चुलते निवळले. याडी निवळली नाही. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

याडी आमच्या घरी येते, चार दिवस राहते, जेवते, पण संतोषशी सरळ बोलत नाही. आमची लेक मनू दुसरीत आहे, तिच्यामार्फत बोलते. "मने, तुझ्या बापाला सांग, चहा झाला." बाप समोर बसलेला असतो. तोही मग मनूलाच सांगतो, "आजीला म्हणावं, ठेव, घेतो." मनूला वाटतं सगळ्याच घरांत असंच असतं.

वाळवंटातल्या तंबूत राहायची हौस संतोषची. कित्येक महिने तो मोबाइलवर त्या पांढऱ्या तंबूंचे फोटो बघायचा. "आयुष्यभर लोकायला पोचवून राहिलो," म्हणायचा, "एकदा तरी आपण पाशिंजर होऊ." तिकिटं काढली ती चार. चौथं याडीचं, मला न विचारता, तिला न विचारता. मला वाटलं ती येणार नाही. ती आली. सोबत गाठोड्यात ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, आणि चेहऱ्यावर असा राग की हिंगोली स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही.

तंबू

जैसलमेरला कॅम्पची जीप घ्यायला आली होती. संतोष सवयीनं ड्रायव्हरशेजारी बसला. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना खुरटी झाडं, मध्येच पवनचक्क्यांची रांग. आमच्याकडं डिसेंबरात तुरीचं रान फुलांनी पिवळं असतं, हरभरा कोवळा असतो. इथं मैलोन्मैल नजर अडत नाही आणि कुठं टेकतही नाही. याडीनं बराच वेळ बघितलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "यहाँ पेरते क्या?"

"बाजरा, ग्वार. बारिश हुई तो," ड्रायव्हर म्हणाला.

"और नहीं हुई तो?"

"तो फिर ऊंट, माजी."

कॅम्प फोटोत होता तसाच निघाला. अर्ध्या गोलात पांढरे तंबू, मध्ये शेकोटीची जागा, मागं वाळूचे धोरे. वाळूच्या टेकडीला तिकडं धोरा म्हणतात. मॅनेजर तरुण होता, फेटा बांधलेला, फार गोड बोलणारा. त्यानं आम्हाला कुंकू लावलं आणि मनूच्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला दिला. सगळे तंबू भरलेले होते. वर्ष संपत आलेलं, सुट्ट्यांचे दिवस. लोक इतके होते की दुसऱ्या कुणाला कुंकू लावता लावता तो आमच्याशी बोलत होता.

तंबूत गालिचा, दोन पलंग, मागं न्हाणीघर, त्यात गरम पाण्याचा नळ. मनू पलंगावर उड्या मारायला लागली. याडीनं कापड चिमटीत धरून बघितलं, दोरी ओढून बघितली, बाहेर जाऊन खुंटीला पायानं ठोकर दिली.

"पाल हाय की हे," ती म्हणाली.

याडी आणि बापू, म्हणजे माझे वडील, तरणे होते तेव्हा दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायचे. कारखान्याजवळच्या रानात पालं ठोकून राहायचे. माझा भाऊ तसल्याच एका पालात जन्मला. थंडीत जमिनीची ओल कशी वर येते, रात्री दोरी सुटली तर काय होतं, हे मी लहानपणी तिच्याकडून ऐकलेलं आहे. आता ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "लेकरं पालातून बाहेर काढायला जन्म गेला माझा. मने, तुझ्या बापाला इचार, आपल्याला परत पालात काहून आणलं?"

मनूनं विचारलं नाही. संतोष बॅग उघडत होता, तो तसाच थांबला. त्याचं तोंड उतरलेलं मी बघितलं. मग झोपायचा प्रश्न आला. जावई आणि सासू एकाच कापडाखाली, हे याडीला कसंच मान्य नव्हतं. ती गाठोडं घेऊन बाहेर वाळूत जाऊन बसली. थंडी वाढायला लागली होती. शेवटी संतोषनंच एक रग उचलला आणि ड्रायव्हर लोकांच्या तंबूत झोपायला गेला. मला दोघांचाही सारखाच राग आला.

जेवायला लांब मंडप होता. याडीनं वाढणाऱ्याला विचारलं, "बाटी है क्या?" आमच्या बोलीत बाटी म्हणजे भाकरी. तो खूश झाला, दोन बाट्या तुपात बुचकळून घेऊन आला. कणकेचे भाजलेले गोळे ते. याडीनं एक उलटून पालटून बघितला, "हा तर लाडू झाला," म्हणाली, आणि उठून मंडपामागं गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेले. मागं चुलीवर दोन बाया बाजरीच्या भाकरी थापत होत्या आणि याडी त्यांच्यात मांडी घालून बसली होती. ती आपली तांड्याची बोली बोलत होती, त्या त्यांची मारवाडी. मी कान देऊन ऐकलं. पाणी, छोरी, पाछो, घर, बळद... शब्दामागून शब्द जुळत होते. सगळं नाही, पण अर्ध्याहून जास्त. मला ती बोली आता नीट येत नाही. नोकरीनं आणि हिंगोलीनं ती माझ्या जिभेवरून गेली. याडीला मात्र तिथं दुभाष्या लागत नव्हता. ती परत आली तेव्हा हातात लसणाची लालभडक चटणी होती. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा तिचं कपाळ सैल दिसलं.

सकाळ

सकाळी एका आवाजानं जाग आली. भरलेल्या घागरीतून पाणी ओतावं तसा गुडगुड आवाज, मग दात घासल्याचा. तंबूमागं बघितलं तर लांब एका खेजडीच्या झाडाला एकटा उंट बांधलेला. बाकीचे उंट पलीकडं रांगेत बसलेले, हा वेगळा. तोंडाला दोरीचं मुसकं, मुसक्यातून फेस गळत होता. मानेमागचे केस काळे, ओले, चिकट.

मनू त्याच्याकडं निघाली होती. याडीनं तिला दंडाला धरून असं ओढलं की पोरगी रडायलाच लागली.

"हिवाळ्यात नर माजावर येतो," याडी म्हणाली. "बैलासारखंच. मुसकं दिसत न्हाई का? बघायचं ते हितूनच बघ."

त्या उंटाजवळ एक माणूस उभा होता, चाळिशीचा, अंगावर जुनं जर्किन. नंतर कळलं त्याचं नाव भंवर. उंट त्याचाच, कॅम्पला हंगामापुरता लावलेला. तो उंटाच्या मानेवर हात ठेवून हळू काहीतरी बोलत होता. आम्हाला बघून त्यानं नुसता हात हलवला, लांब राहा असा.

मला तेव्हा भीती वाटली नाही. बांधलेल्या जनावराची काय भीती? दुपारभर आम्ही जवळच्या गावात हिंडलो, उन्हात बसलो, संतोषनं ड्रायव्हरकडून कॅम्पची जीप वाळूत चालवून बघितली. याडीनं बाजाराच्या टपरीवर आरशांची ओढणी हातात घेतली, "माझ्या लग्नातली हिच्या दुप्पट जड व्हती," म्हणून परत ठेवली. वारा सुटला होता. चहात, दातांत, मनूच्या केसांत वाळू.

धोरा

सूर्य कलायला लागला तशी सगळ्या पाहुण्यांना उंटावरून धोऱ्यावर न्यायची गडबड उडाली. उंट कमी, माणसं जास्त. मी आणि मनू एका उंटावर बसायचं ठरलं. संतोष फोटो काढणार, याडी बसणार नाही हे सांगायला नकोच होतं. रांगेतले उंट भराभर भरत गेले. आमच्यापुढं जो आणला त्याच्या गळ्यात रंगीत गोंडे होते, पाठीवर नवी गोधडी. तोंड मोकळं. भंवर दोरी धरून होता, पण मी माणसाकडं बघितलं नाही, गोंड्यांकडं बघितलं. सकाळचा उंट तो हाच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उंट बसला, आम्ही चढलो, मनू पुढं, मी मागं. तो उठला तेव्हा मनू किंचाळली आणि लगेच हसली.

यानंतर खाली काय झालं ते मला दवाखान्यात कळलं, पण सांगते आत्ताच, म्हणजे पुढचं नीट समजेल.

आम्ही शंभरेक पावलं गेलो असू. याडी कॅम्पच्या तोंडाशी उभी होती. तिच्यामागं मॅनेजर आणि उंटवाल्यांचा म्होरक्या मारवाडीत बोलत होते. पाहुण्यांपैकी कुणाला ती भाषा कळत नाही, म्हणून मोठ्यानं. म्होरक्या म्हणत होता, भंवर सकाळपासून सांगतोय, "आज इण नै मत काढो," याला आज काढू नका. मॅनेजर म्हणाला, एकच फेरी आहे, पाहुणे ताटकळलेत. म्होरक्या म्हणाला, मग मुसकं तरी राहू द्यायचं. मॅनेजर म्हणाला, मुसक्यात फोटो चांगले येत नाहीत.

याडीला शब्दन् शब्द कळला. तिनं वळून रांगेकडं बघितलं आणि गोंड्यांच्या आड मानेमागचे ते ओले काळे केस ओळखले. संतोष वीस पावलांवर मोबाइल धरून उभा होता. मध्ये मनू नव्हती. निरोप न्यायला कुणीच नव्हतं.

"संतोष!" याडी ओरडली. "लेकरू उतरव! तो उंट माजावर हाय! पळ!"

त्यानं विचारलं नाही की तुम्हाला कसं कळलं. तो पळाला. मोबाइल कुठं पडला हेही त्याला समजलं नाही.

मागं वळल्यावर मला वरून एवढंच दिसलं की नवरा वाळूतून धावत येतोय आणि त्याच्यामागं याडी, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून. मला वाटलं याडीला काहीतरी झालं. मी भंवरला म्हटलं, "रुको भैया." त्याच वेळी उंट आपणहून थांबला. त्याच्या घशातून तो सकाळचा गुडगुड आवाज आला, माझ्या मांड्यांखाली त्याचं सगळं अंग थरथरलं, आणि तोंडाच्या कडेनं मांसाचा लाल फुगा बाहेर लोंबला, माजावरच्या नराचा लोंबतो तसा. फेसाचा शिंतोडा मनूच्या हातावर उडाला.

"मम्मी, याला उलटी होतेय?" मनूनं विचारलं.

भंवरनं वर न बघता हळू आवाजात सांगितलं, "दीदी, हिलना मत. बच्ची को पकड़ के रखो."

उंट कुठं बघत होता ते तेव्हा मला दिसलं. डावीकडच्या धोऱ्यावरून दुसऱ्या कुठल्यातरी कॅम्पचा एक मोठा नर उंट उतरत होता, मोकळा, पाठीवर कुणी नाही, पुढं दोरी धरून म्हातारा. त्याला आमचं काही माहीत नव्हतं. तो सरळ आमच्याच दिशेनं येत होता. आमचा बादल, हे त्या उंटाचं नाव, मान उंच करून दात घासायला लागला. भंवर दोरीला लोंबकळला, "झै, झै," म्हणत राहिला. बस, असा त्याचा अर्थ. बादल बसेना.

उंट गोल फिरला होता, म्हणून संतोष पोचला तो त्याच्या तोंडाकडूनच येत होता. मागून याडीचा आवाज आला, "समोरून नको! बाजूनं ये, बाजूनं!" तो वळला, बाजूला आला आणि हात वर केले. "दे," म्हणाला. "पोरगी दे."

उंटावरून खाली बघितलं तर ते हात फार लांब होते. मनूनं माझी ओढणी मुठीत धरली होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती "नको, नको" म्हणत होती. मी तिला काखेत धरून बाजूला लोंबकळवलं. उंटाचं अंग हललं की तीही हलत होती. माझ्या नोकरीत मी रोज लोकांची लेकरं खिडकीतून आत घेते, दारातून खाली देते. मी सोडलं. संतोष तिला घेऊन वाळूत मागं पडला, आणि पडल्या पडल्याच तिला छातीशी धरून लोळत लांब गेला.

याडी थांबली नव्हती. ती आमच्यापाशी आलीच नाही, पुढं त्या दुसऱ्या उंटाच्या वाटेवर गेली. त्या म्हाताऱ्यासमोर दोन्ही हात पसरून ओरडायला लागली, "पाछो! पाछो!" पाछो म्हणजे मागं. आमच्याकडंही तेच आणि तिकडंही तेच. म्हातारा चमकला, त्यानं बादलला बघितलं, दोरी हिसकली आणि आपला उंट धोऱ्याच्या पलीकडं वळवला.

पण बादलनं त्याला जाताना बघितलं होतं. तो एकदम उसळला. माझा एक पाय रिकिबीच्या दोरीत अडकलेला, दुसरा मोकळा. मी खोगिराची खुंटी धरली होती ती सुटली, मी कडेला लोंबकळले, मग दोरी तुटली की पाय निसटला, कळलं नाही, मी वाळूत खांद्यावर आपटले. तोंडात वाळू. वर बघितलं तर भंवरनं दोरी सोडली नव्हती. सोडली असती तर तो वाचला असता, पण मग उंट माझ्या अंगावरून गेला असता. मी बरोबर वाटेत पडले होते. त्यानं दोरी ओढून बादलचं तोंड माझ्यापासून वळवलं, म्हणजे स्वतःकडं वळवलं.

बादलनं त्याचा दंड धरला. मी तो आवाज लिहिणार नाही. भंवर खाली पडला आणि उंट पुढचे गुडघे मोडून त्याच्यावर बसायला लागला. छातीनं चिरडतात, हे मला नंतर सांगितलं. संतोष मनूला टाकून आला. वाळूत पडलेली गोधडी उचलून त्यानं बादलच्या डोक्यावर टाकली आणि मानेला मिठी मारून लोंबकळला. तोवर रांगेतले दोघं उंटवाले पोचले. एकानं दोरी जबड्याभोवती आवळली, दुसऱ्यानं काठी घातली. उंट उठला. भंवर उठला नाही.

रस्ता

मॅनेजर आला तो आधी पाहुण्यांकडं गेला. "कुछ नहीं, कुछ नहीं, थोड़ा खरोंच है," म्हणत त्यानं लोकांना मंडपाकडं वळवलं. मग आमच्यापाशी येऊन हळूच म्हणाला की कॅम्पवर मलमपट्टीचं सामान आहे, डॉक्टरला फोन करतो, जरा कार्यक्रम सुरू होऊ द्या. भंवरच्या जर्किनच्या बाहीतून रक्त वाळूत जात होतं आणि वाळू ते पिऊन टाकत होती. मागं काही डाग राहत नव्हता. बघणाऱ्याला थोडंच लागलंय असं वाटावं.

"गाडी काढ," संतोष म्हणाला.

"ड्राइवर बाहर गया है साहब."

संतोष तंबूंकडं पळाला. रात्री तो ड्रायव्हर लोकांत झोपला होता. किल्ली कुठं टांगतात ते त्याला ठाऊक होतं. मॅनेजर मागं ओरडत आला तोवर जीप धोऱ्याशी आली होती. उंटवाल्यांनी भंवरला मागं ठेवलं. याडी तंबूतून आपलं गाठोडं नि एक रग घेऊन आधीच चढून बसली होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी माझी ओढणी त्याच्या दंडाला काखेपाशी आवळून धरली. माझा स्वतःचा खांदा उचलत नव्हता, म्हणून एका हातानं धरली आणि दुसरं टोक मनूच्या हातात दिलं. "ओढ," म्हटलं. तिनं ओढलं. सात वर्षांच्या पोरीला मी असलं काम सांगितलं, पण दुसरं कुणी नव्हतं.

संतोष जीप कशी चालवतो ते मला माहीत आहे. त्याबद्दल मी त्याला हजारदा बोलले आहे. त्या दिवशी बोलले नाही. सूर्य समोर नाही, पाठीमागं होता, आणि आमची सावली आमच्यापुढं धावत होती. मध्येच रस्त्यावर शेळ्या, मध्येच लष्कराच्या गाड्यांची लांब रांग. भंवरचे डोळे मिटायला लागले की याडी त्याच्या गालावर चापट मारायची आणि आमच्या बोलीत विचारायची. शेत किती? बाजरी झाली का यंदा? लेकरं किती? तो एकेका शब्दात उत्तर द्यायचा, त्याच्या बोलीत. एकदा तो काहीच बोलला नाही. याडीनं परत विचारलं. परत नाही.

"संतोष, आणखी जोरात," याडी म्हणाली.

"आजी, याच्याहून जोरात जात न्हाई ही," तो म्हणाला, आणि तरीही गेली ती.

तिनं मग उंटाविषयी विचारलं. कुणाकडून घेतला, लहानपणी कसा होता. भंवरनं डोळे उघडले. "छोटो हो जद स्यूं म्हारै कनै है," म्हणाला. लहान होता तेव्हापासून माझ्याकडं आहे. जैसलमेरचे दिवे दिसेपर्यंत तो बादलबद्दलच बोलत राहिला.

दवाखान्याचा व्हरांडा

सरकारी दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. माझा खांदा निखळलेला होता, तो बसवून हात गळ्यातल्या झोळीत बांधला. आम्ही चौघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मनूच्या हातांवरचं रक्त वाळून तडकलं होतं. याडीनं तिला नळावर नेऊन ते धुतलं.

भंवरची बायको केसर दिराबरोबर मोटारसायकलवर आली. तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. ती आली ती सरळ माझ्याकडं, माझ्या गळ्यातल्या झोळीकडं बघत, आणि हात जोडले. तिला वाटलं आम्ही तक्रार करणार, तिच्या नवऱ्याच्या उंटानं पाहुणीला पाडलं म्हणून. याडीनं तिला हाताला धरून बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, मॅनेजर काय म्हणाला तेही, मुसकं कुणी काढलं तेही.  ऐकता ऐकता केसरनं डोक्यावरची ओढणी नीट केली, उठली, आणि आतल्या दाराला कपाळ टेकून उभी राहिली.

हात राहील की जाईल, हे सकाळपर्यंत कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आमचा तंबू कॅम्पवर तसाच होता, गरम पाण्याचा नळ, गालिचा सगळं. कुणीच तिकडं जाऊ म्हणालं नाही. आम्ही व्हरांड्यातच राहिलो. गाठोड्यातल्या उरलेल्या भाकरी, कडक झालेल्या, याडीनं पाणी शिंपडून सगळ्यांना वाटल्या. केसरनं चटणी तोंडाला लावली आणि विचारलं ही कशाची. जवस तिला ठाऊक नव्हतं. एका फरशीवर सासू, जावई, लेक, नात, आणि ओळख ना पाळख अशी एक बाई, सगळे एकाच रगाखाली पाय घालून बसलो होतो. सासू-जावई एका कापडाखाली, हा विषय त्या वेळी कुणी काढला नाही.

सकाळी डॉक्टर बाहेर आले. हात राहिला. दोन बोटं वळणार नाहीत कदाचित, म्हणाले. केसर रडली ती तेव्हा. मॅनेजर आमच्या बॅगा घेऊन आला होता. जीपबद्दल बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण व्हरांड्यात म्होरक्या आणि आणखी पाच-सहा उंटवाले येऊन उभे होते. त्यांनी त्याला आमच्यापासून जरा लांब नेलं. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. याडीला कळलं. मी विचारलं तर म्हणाली, "बराबर बोलले."

दवाखान्याबाहेर टपरीवर चहा घेताना मी बघत होते, आता ती काय करते. चहा आला. याडीनं एक ग्लास उचलला, संतोषकडं बघितलं, आणि म्हणाली, "मने, तुझ्या बापाला दे."

संतोष हसला. मी नाही हसले. मला वेगळी आशा होती.

हिंगोली

आता इथं सगळं नेहमीसारखं आहे. माझा खांदा थंडीत दुखतो. तिकिटाचं यंत्र डाव्या हातात धरायला शिकले. मनू उंटाचं चित्र काढते, पण पाय खूप लांब काढते.

केसरचा फोन येतो. मोबाइल माझा, पण फोन याडीसाठी असतो. ती तांड्यावर असली की मी भावाचा नंबर देते, आमच्याकडं असली की स्पीकरवर लावते. त्या दोघी आपापल्या बोलीत तासभर बोलतात. मागच्या वेळी भंवर स्वतः बोलला. दोन बोटं खरंच वळत नाहीत. पण उन्हाळा लागला, माज उतरला, आणि बादल आता पुन्हा त्याच्याच दारात बांधलेला आहे. कॅम्पला लावणार नाही, म्हणाला. आता तो वासरासारखा गरीब आहे, लेकरं त्याच्या पायांतून पळतात.

"विकला न्हाई?" मी मध्येच विचारलं.

तो हिंदीत म्हणाला, "उसकी क्या गलती है, दीदी? उसने तो सुबह से बता रखा था."

याडीनं मान डोलावली, जणू हे उघडच होतं. मग तिनं विचारलं, वैरण मिळते का त्याला या दिवसांत. मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाहेर ती दोघं बादलच्या खाण्याबद्दल बोलत होती आणि मी ओट्याशी उभी राहून मनूची बोटं मोजत होते. ती माझ्याजवळ बसून पोळी खात होती. तिला कळेना मी तिचा हात का धरलाय.